कॅट टूर्निकेट, सातवी पिढी: दांडी फिरवण्याआधी पट्टा ओढा

मांडीतली मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन दगावतो. 70 किलो वजनाच्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की रक्तदाब कोसळतो. 108 ची गाडी कितीही तत्पर असली तरी तेवढ्या वेळात पोचणं अवघड, त्यामुळे रक्त थांबवायचं साधन जखमी माणसाच्या आसपासच असावं लागतं. हातापायाच्या जखमांसाठी अशी बरीच साधनं मिळतात. त्यांतल्या ज्याच्यामागे सर्वांत भक्कम पुरावा आहे त्याचं हे परीक्षण: कॉम्बॅट ॲप्लिकेशन टूर्निकेट, म्हणजेच ‘कॅट’, सातवी पिढी. टूर्निकेट म्हणजे हात किंवा पाय आवळून धमनीतलं रक्त थांबवणारा पट्टा.

आधी वस्तू कशी आहे ते पाहू. वजन 75 ते 80 ग्रॅम, घडी केल्यावर शर्टाच्या खिशात मावते. 3.8 सेंमी रुंदीचा वेल्क्रोचा पट्टा, एका टोकाला एकेरी खाचेचं प्लास्टिकचं बकल, मध्ये कडक प्लास्टिकची पाटी. पाटीवर पीळ द्यायची दांडी, दांडी अडकवायची क्लिप आणि क्लिपवरून ओढून घ्यायची वेळ लिहिण्याची छोटी पट्टी. पट्ट्याचं टोक लाल असतं, म्हणजे घाईत कुठलं टोक ओढायचं ते शोधावं लागत नाही. खरी करामत मात्र आत आहे. वेल्क्रोच्या पट्ट्याच्या पोटात दुसरी अरुंद फीत मोकळी सरकते आणि दांडी त्या फितीला पीळ घालते. वरचा पट्टा चुरगळत नाही, आतली फीत आखडते आणि दाब अवयवाच्या सगळ्या बाजूंनी सारखा बसतो. रुमाल बांधून त्यात काठी फिरवली की कातडी एका जागी चिमटीत सापडते आणि बाकीच्या बाजूंना दाबच पोचत नाही. कॅट आणि रुमाल यांच्यातला मुख्य फरक हाच.

कल्पना जुनीच आहे. फ्रेंच शल्यविशारद झाँ-लुई पेती यांनी 1718 मध्ये स्क्रूचं टूर्निकेट बनवलं होतं. पुढे विसाव्या शतकात या साधनाचं नाव खराब झालं. अवयव गमवावा लागतो, शेवटचा उपाय म्हणूनच वापरा, असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. चित्र पालटलं ते इराक युद्धात. 2005 मध्ये अमेरिकी लष्कराच्या शल्यसंशोधन संस्थेत सात टूर्निकेटं स्वयंसेवकांवर तपासली गेली. रक्तप्रवाह दर वेळी पूर्ण थांबवणारी तीनच निघाली आणि कॅट त्यांतलं एक होतं. बगदादच्या लष्करी रुग्णालयातल्या 232 रुग्णांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या 309 हातापायांवर 428 टूर्निकेटं लावलेली होती. शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी लावलेल्यांपैकी 90 टक्के जगले, शॉकमध्ये गेल्यावर लावलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. आणि निव्वळ टूर्निकेटमुळे एकाही रुग्णाचा हात किंवा पाय कापावा लागला नाही. ‘शेवटचा उपाय’ ही शिकवण या आकड्यांपुढे टिकत नाही. रक्त उसळून येत असेल, कपडा बघता बघता भिजत असेल, जमिनीवर थारोळं साचत असेल किंवा अवयव तुटलाच असेल, तर टूर्निकेट हा पहिला उपाय आहे.

आता लावायची पद्धत. हे साधन इथेच पास होतं किंवा नापास होतं.

जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, 5 ते 7 सेंमी अंतरावर पट्टा बसवायचा. कोपर आणि गुडघा टाळायचा, कारण सांध्यावर हाडाचे उंचवटे धमनीला दाबापासून वाचवतात. जखम सांध्यालगत असेल तर सांध्याच्या वर जा. कपड्यांमुळे किंवा अंधारामुळे जखम नेमकी दिसत नसेल तर मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला लावा. खिशात मोबाइल, किल्ल्या, तंबाखूची डबी असली तर आधी काढा. पट्ट्याखाली कडक वस्तू राहिली की तिच्या बाजूंना पोकळी उरते. जमलं तर कपडा फाडून कातडीवर लावा, नाही जमलं तर पातळ कपड्यावरूनही चालतं.

मग पट्टा बकलातून ओढायचा, आणि जितकी ताकद आहे तितकी लावून ओढायचा. पट्टा आणि कातडी यांच्यामध्ये तीन बोटांची टोकं शिरता कामा नयेत. शिरत असतील तर वेल्क्रो सोडवा आणि परत ओढा. या पायरीवर गेलेले पाच सेकंद वाया जात नाहीत. टूर्निकेट बसलं नाही असं जिथे जिथे होतं, तिथे बहुतेक वेळा पट्ट्यात ढिलाई राहिलेली असते. दांडीच्या पिळात आत घ्यायला फीत मोजकीच असते. ती आधी ढिलाई खाऊन टाकण्यात संपली, तर धमनी दाबायला काही उरत नाही. दांडी साधारण तीन फेऱ्यांत काम करते. तीन फेऱ्या झाल्या आणि रक्त चालूच असेल तर चौथी-पाचवी फेरी मारत बसू नका. दांडी उलगडा, पट्टा नव्याने ओढा आणि पुन्हा पीळ द्या. जोर करून फिरवत राहिलं तर फीत गुंडाळली जाऊन गाठ बसते आणि दांडीवर भलताच ताण येतो.

रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा. शक्य असेल तर मनगटाची किंवा पावलाची नाडी पाहायची, ती लागता कामा नये. दांडी क्लिपमध्ये दाबून बसवायची, पट्ट्याचं उरलेलं टोक दांडीवरून क्लिपमध्ये घ्यायचं, त्यावरून वेळेची पट्टी ओढायची आणि वेळ लिहायची. ‘14:35’ अशी 24 तासांच्या घड्याळाची. पेन नसेल तर रुग्णाच्या कपाळावर काजळाने, लिपस्टिकने, मिळेल त्याने लिहा. ही चार अक्षरं पुढच्या डॉक्टरांना किती उपयोगी पडतात ते खाली येईलच.

टूर्निकेट नीट बसलं की प्रचंड दुखतं. शुद्धीवर असलेला माणूस ओरडतो, पट्टा सैल करा म्हणून हात धरतो. दुखतंय म्हणजे चुकलंय, असं समजून भोवतालचे लोक सैल करतात आणि रक्त पुन्हा सुरू होतं. वेदना अपेक्षित आहे. रुग्णवाहिकेत डॉक्टर असतील तर ते केटामाइन किंवा फेंटानिलसारखं वेदनाशामक देतील. तोपर्यंत धीर द्यायचा, दांडीला हात लावायचा नाही.

अर्धवट आवळलेलं टूर्निकेट हे न लावलेल्यापेक्षा वाईट. नीलांमधला दाब कमी असतो, त्या आधी बंद होतात. धमनी खोल असते, तिच्यात दाब जास्त असतो, ती चालूच राहते. रक्त खाली येतं पण परत वर जात नाही, पाय निळा पडून फुगतो आणि जखम आधीपेक्षा जोरात वाहू लागते. लावल्यावर रक्त वाढलं असं दिसलं तर काढू नका, आणखी आवळा. एकाने भागलं नाही तर दुसरं लावा, पहिल्याच्या शेजारी, धडाच्या बाजूला, अगदी चिकटून. दोन पट्टे मिळून रुंदी दुप्पट होते आणि रुंद पट्ट्याला धमनी बंद करायला कमी दाब पुरतो. जाड मांडीच्या माणसाला दुसरं लागू शकतं हे गृहीत धरून पेटीत दोन ठेवायची. एकच कॅट घेणं ही आमच्या मते अर्धी खरेदी आहे.

रुग्णाला स्ट्रेचरवर घेतलं, गाडीत चढवलं, कूस बदलली, की दर वेळी परत पाहा. सलाइन किंवा रक्त दिल्यावर रक्तदाब वर येतो आणि मघाशी बंद झालेली धमनी पुन्हा उघडू शकते. चादरीखाली झाकलेल्या पायातून असं रक्त गुपचूप जात राहतं, म्हणून टूर्निकेट लावलेला अवयव झाकायचा नाही.

आणि एक जुनी सवय मोडायला हवी. ‘दर पंधरा मिनिटांनी सैल करा म्हणजे पायाला रक्त मिळेल’ हा सल्ला अजूनही काही प्रथमोपचार वर्गांत दिला जातो. तो घातक आहे. प्रत्येक सैल करण्यात थोडं थोडं रक्त जातं, नुकती जमलेली गुठळी निघून जाते आणि पायाला त्यातून काहीच फायदा होत नाही. एकदा लावलं की रुग्णालयात किंवा प्रशिक्षित हातातच सुटलं पाहिजे.

कॅटच्या मर्यादाही नीट ठाऊक हव्यात. जांघ, काख, मान, छाती, पोट इथे ते लागत नाही. जांघेतल्या आणि काखेतल्या जखमेत गॉज बोटाने खोल कोंबायचा, जिथून रक्त येतंय त्या बिंदूपर्यंत, आणि वरून दोन्ही हातांनी शरीराचं वजन टाकून दाबायचं. केओलिनयुक्त (रक्त लवकर गोठवणारी माती लावलेला) गॉज असेल तर किमान 3 मिनिटं, साधा असेल तर 10 मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. तान्ह्या बाळाच्या बारीक हातावर पाटी आणि दांडीच हाताच्या जाडीपेक्षा मोठी होते, तिथेही हाताचा दाब आणि गॉजच बरा. वेल्क्रो हा कॅटचा दुसरा कच्चा दुवा आहे. चिखल, वाळू आणि रक्ताने माखला की त्याची पकड कमी होते. सातव्या पिढीत पट्टा बकलातून एकदाच जातो, त्यामुळे तो भराभर ओढता येतो आणि ढिलाई कमी राहते. जुन्या पिढ्यांत पायासाठी पट्टा बकलातून दोनदा घ्यावा लागे आणि घाईत तेच चुकायचं. दांडी आधीपेक्षा जाड आणि खाचांची आहे, क्लिपही मजबूत केली आहे. बोटं रक्ताने ओली असताना हा फरक जाणवतो.

सापाबद्दल स्वतंत्र लिहिणं भाग आहे, कारण महाराष्ट्राच्या खेड्यात टूर्निकेट हातात आलं की पहिला विचार सर्पदंशाचा येतो. सर्पदंशाला टूर्निकेट लावायचं नाही. भारताची सर्पदंश उपचार संहिताही हेच सांगते. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने जागेवरची ऊती सडते. आवळून ठेवल्याने ते विष तिथेच कोंडतं आणि अवयव हकनाक जातो. नाग आणि मण्यार यांच्या बाबतीत भीती वेगळी: पट्टा एकदम सोडला की साठलेलं विष एका लोंढ्याने अंगात शिरतं, श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. कुणी आधीच दोरी बांधून रुग्ण आणला असेल तर रस्त्यात ती कापून टाकू नका. रुग्णालयात, प्रतिविष आणि श्वासनलिकेत नळी घालायची तयारी हाताशी ठेवून, बांधलेल्याच्या खालची नाडी तपासून, हळूहळू सोडायची. गरज पडली तर वर रक्तदाबाचा कफ लावून त्याची हवा सावकाश कमी करतात. सर्पदंशात करायचं ते इतकंच: अवयव न हलवता स्थिर ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, रुग्णाला चालू द्यायचं नाही आणि गाडी गाठायची.

आता बनावट मालाकडे. खरं कॅट अमेरिकेत साधारण 30 डॉलरला मिळतं, आपल्याकडे आयातशुल्क आणि विक्रेत्याचा नफा धरून त्याहून महाग पडतं. त्याच दिसण्याचे, त्याच रंगाचे, लाल टोकाचे पट्टे ऑनलाइन काही शे रुपयांना सर्रास विकले जातात. यातले बहुतेक एअरसॉफ्टच्या, म्हणजे खोट्या बंदुकांच्या लुटुपुटूच्या लढाईच्या, खेळासाठी किंवा शोभेसाठी बनवलेले असतात आणि खऱ्याच्या नावावर खपवले जातात. त्यांची दांडी मऊ प्लास्टिकची असते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ती धनुष्यासारखी वाकते किंवा तुटते. क्लिपचे कान पसरतात आणि दांडी सुटून गरगर उलट फिरते. वेल्क्रोची शिवण ताणाखाली उसवते. खरेदी करताना पाहायच्या गोष्टी अशा: पाकिटावर लॉट क्रमांक आहे का, विक्रेता उत्पादकाच्या अधिकृत वितरकांपैकी आहे का, त्याच्याकडे वैद्यकीय उपकरणाच्या आयातीची कागदपत्रं आहेत का. दांडी दोन्ही हातांत धरून वाकवून पाहा. खरी सहजासहजी वाकत नाही. लाल टोकावर विसंबू नका, ते नकलीतही असतं. चौथाई किमतीत मिळणारं खरं कॅट नसतं, एवढी एकच खूणगाठ बांधली तरी बहुतेक फसवणूक टळते.

पर्याय आहेत आणि ते चांगलेही आहेत. लढाईतल्या जखमांवरच्या अमेरिकी समितीने 2019 मध्ये शिफारशींची यादी वाढवली. सॉफ्ट-टी वाइडची दांडी धातूची असते आणि बकल झटक्यात सुटतं, अडकलेल्या पायाभोवती गुंडाळायला ते सोयीचं. पण वेल्क्रो नसल्याने पट्टा सरळ ओढायला थोडा सराव लागतो. सॅम एक्सटीचं बकल पुरेसा ताण आल्यावरच आपोआप अडकतं, म्हणजे ढिलाई राहण्याची जी चूक वर सांगितली तिच्यावरच त्याने इलाज केला आहे. नवशिक्यांसाठी ही रचना आम्हाला फार आवडते. तरी शिकवणारे, सरावाचे संच आणि पुरावा यांचा विचार केला तर कॅटच पुढे राहतं.

टूर्निकेट नसेल तर काय? 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर जागेवर लावलेली 27 टूर्निकेटं नोंदली गेली, ती सगळी तात्पुरती बनवलेली होती. तेव्हा जुगाड पूर्णपणे टाकाऊ नाही. मात्र त्याचे नियम आहेत. गमछा किंवा ओढणी घडी घालून 4 ते 5 सेंमी रुंद करायची, अवयवाला दोन वेढे द्यायचे, गाठ मारायची, गाठीवर पाना, लाटणं किंवा तत्सम न मोडणारी वस्तू ठेवून दुसरी गाठ मारायची आणि पीळ घालायचा. पेन आणि पेन्सिल मोडतात. कमरेचा चामड्याचा पट्टा नुसता ओढून धमनी बंद होत नाही, कारण तो पिळता येत नाही. वायर, सुतळी, बुटाची लेस कातडी आणि नसा कापते. रक्त तपासायला काढताना बांधतात ती रबराची फीत फक्त नीला दाबण्यासाठी बनलेली असते, मोठ्या रक्तस्रावात ती वर सांगितलेलं नुकसानच करते. तालुक्याच्या दवाखान्यात कॅट नसेल तर रक्तदाबाचा कफ चांगला: 250 मिमी पाऱ्यापर्यंत फुगवायचा, नळी चिमट्याने आवळायची आणि हवा गळत नाही ना यावर एक माणूस लक्ष ठेवून बसवायचा. जुगाड करायला साहित्यच नसेल तर गुडघा जखमेवर रोवून वजनाने दाबणं हे अर्धवट बांधलेल्या रुमालापेक्षा शंभर पटीने बरं.

यानंतरचा भाग आकस्मिक विभागात आणि अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांसाठी. टूर्निकेट रस्त्यावर लावणं सोपं, ते उतरवणं हे डॉक्टरी काम आहे.

पहिल्या 2 तासांत स्नायू आणि नसा सहसा सावरतात. 2 ते 6 तासांच्या दरम्यान धोका वाढत जातो. 6 तासांच्या पुढे गेलेलं टूर्निकेट शस्त्रक्रियेची आणि रक्ततपासण्यांची सोय नसलेल्या जागी सोडू नये. म्हणून पट्टीवरची वेळ हवी. ती नसली की प्रत्येक निर्णय अंदाजपंचे होतो. धडगाव किंवा भामरागडसारख्या भागातून शल्यविशारदापर्यंत पोचायला 2 तासांहून जास्त लागू शकतात, तिथे ‘बदल’, म्हणजे टूर्निकेट सैल करून त्याऐवजी गॉज आणि दाबपट्टीने रक्त थांबवणं, हा पर्याय वाटेतल्या डॉक्टरला माहीत असायला हवा. युक्रेनच्या युद्धात रुग्ण हलवायला उशीर होत असल्याने लांबलेल्या टूर्निकेटांमुळे अवयव गेल्याचं दिसून आलं, आणि तेव्हापासून लष्करी प्रशिक्षणात या बदलावर पुन्हा भर दिला जातो आहे.

बदलाच्या तीन अटी: रुग्ण शॉकमध्ये नको, जखमेवर सतत नजर ठेवता यायला हवी आणि अवयव पूर्ण तुटलेला नको. आधी जखम गॉजने घट्ट भरायची, 3 ते 10 मिनिटं दाबायची, वर दाबपट्टी बांधायची. मगच दांडी हळूहळू उलगडायची. टूर्निकेट काढून टाकायचं नाही, सैल अवस्थेत जागेवरच ठेवायचं. रक्त आलं तर लगेच परत आवळायचं आणि वेळ नव्याने लिहायची. बऱ्याच रुग्णांत लक्षात येतं की टूर्निकेटची गरजच नव्हती, रक्त नीलांचं होतं. घाईत लावलेलं असं टूर्निकेट रुग्णालयात लवकर ओळखून उतरवणं हा दोष सुधारण्याचा भाग आहे. लावणाऱ्याला बोल लावू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो कचरेल.

रुग्ण आल्या आल्या पट्टा सोडून ‘बघू किती रक्त येतंय’ हे करणं टाळा. आधी दोन जाड आयव्ही लाइन, रक्तगट आणि क्रॉसमॅच, उबदार पांघरूण. दुखापतीपासून 3 तासांच्या आत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (गुठळी टिकवून धरणारं औषध) 1 ग्रॅम 10 मिनिटांत, पुढचा 1 ग्रॅम 8 तासांत. 2010 च्या क्रॅश-2 चाचणीत 20 हजारांहून अधिक रुग्णांत याने मृत्यू घटवले; उलट 3 तासांनंतर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढल्याचं तिच्यात दिसलं. नुसत्या सलाइनच्या बाटल्या ओतत राहिल्याने रक्त पातळ होतं, शरीर गार पडतं, गुठळी जमत नाही. साठवलेल्या रक्तातलं सायट्रेट कॅल्शियम खातं, तेव्हा रक्त चढवताना कॅल्शियमची पातळी पाहत राहा.

पट्टा बराच वेळ राहिला असेल तर सोडताना पायात कोंडलेलं पोटॅशियम, आम्ल आणि मायोग्लोबिन (स्नायूंतलं प्रथिन) एकदम अंगात येतं. मॉनिटरवर टी-लहर टोकदार झाली, क्यूआरएस रुंदावलं, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली 2 ते 5 मिनिटांत शिरेतून द्यायचं, पाठोपाठ ग्लुकोजसह इन्सुलिन 10 युनिट. भूलतज्ज्ञाला हे आधी सांगून ठेवलं तर सोडायची वेळ दोघं मिळून ठरवतात. नंतर लघवीचा रंग पाहा. कोकाकोलासारखी झाली तर मायोग्लोबिन मूत्रपिंडात उतरतंय. क्रिएटिन कायनेज 5000 च्या वर गेलं तर मूत्रपिंडाचा धोका खरा आहे आणि लघवी तासाला 200 ते 300 मिली राहील इतका द्रव लागतो. पहिले एक-दोन दिवस पोटरी दर तासाला चाचपायची. बोटं हळूच ताणल्यावर असह्य दुखणं ही कंपार्टमेंट सिंड्रोमची, म्हणजे सुजलेल्या स्नायूंत दाब कोंडल्याची, सगळ्यात आधीची खूण आहे. नाडी शेवटपर्यंत लागू शकते, तेव्हा नाडी आहे म्हणून निर्धास्त राहिलं की स्नायू हातचा जातो. बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण ‘दुखतंय’ सांगणार नाही. त्याच्या बाबतीत संशय जरा जास्तच ठेवावा आणि शल्यविशारदाला वेळेत बोलवावं.

तुटलेला भाग सापडला तर तो ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. थेट बर्फावर ठेवलेलं बोट गोठून निकामी होतं.

कुणी घ्यावं? आमच्या मते सर्वांत आधी घ्यावं ते जिथे यंत्राने हात जातात तिथे. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उसाच्या रसाचा चरक, लाकूडकामाचा आरा, पत्र्याचा प्रेस. हात यंत्रात अडकलेला असताना रुळांच्या दाबाने धमनीही दबलेली असते. रूळ उघडले की रक्त उसळतं. म्हणून वीज बंद केल्यावर, रूळ सोडवण्याआधीच, पट्टा दंडावर चढवून ओढून तयार ठेवा आणि हात मोकळा झाल्याबरोबर रक्त उसळलं तर पीळ द्या. मग महामार्गावरच्या गाड्या, एसटी, ऊस वाहणारे ट्रॅक्टर. भारतात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. रक्तस्राव थांबवल्याने त्यांतले सगळे वाचले नसते, पण हातापायाची जखम घेऊन रस्त्याच्या कडेला पडलेला माणूस वाचू शकतो. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती 2019 मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ ने काढून टाकली आहे: सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती नाही.

घेतल्यावर प्लास्टिकचं वेष्टण फाडून ठेवा, कारण रक्ताळलेल्या बोटांनी ते फाटत नाही. पट्ट्याचं टोक बकलातून साधारण 15 सेंमी बाहेर काढून स्वतःवरच चिकटवा, मोठा वेढा तयार ठेवा आणि मधोमध घडी घाला. एका हाताने तो वेढा दुसऱ्या दंडात अडकवून दातांनी किंवा हाताने ओढता येतो का, ते करून बघा. डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. उघड्यावर राहिलेल्या कॅटची कामगिरी घटते आणि मोडण्याचं प्रमाण वाढतं, हे अफगाणिस्तानातल्या वातावरणात राहिलेल्या संचांवर 2011 मध्ये दिसलं आहे. सीटच्या मागच्या खिशात, यंत्राच्या स्विचशेजारच्या डबीत, हात पुरेल अशा ठिकाणी ठेवा. सरावासाठी निळ्या रंगाचं प्रशिक्षणाचं कॅट वेगळं घ्या. ज्यावर पन्नास वेळा पीळ दिला आहे ते खऱ्या जखमेसाठी पेटीत ठेवू नये, आणि रुग्णावर एकदा वापरलेलं धुऊन परत घडी घालू नये.